दंडाची पावती जपली, तशी कामाची पावती जपा

(धरणगावच्या मेळाव्यात आरोग्य गटाच्या वतीने केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. पाड्यावरच्या बैठकीत एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि मग चर्चा करावी.)



सकाळपासून जमिनीवर बोलणं चाललंय. कोणाचा पंचनामा झाला, कोणाचा राहिला, कोणाकडे पावती आहे, कोणाची उंदराने खाल्ली. आता आम्हाला आरोग्यावर बोलायला उभं केलंय. जेवणाची वेळ झाली आहे हे आम्हालाही कळतं. तरी थोडा वेळ द्या, कारण आमचं बोलणंसुद्धा शेवटी पावतीवरच येऊन थांबणार आहे.

आम्ही डॉक्टर नाही. पाड्यापाड्यावर फिरणारे कार्यकर्ते आहोत. जे वाचलं, जे डॉक्टरांना विचारलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच सांगतो.

आधी एक हकिकत. चोपड्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर आमच्या ओळखीचे एक काका होते. घरच्यांनी नको म्हटलं म्हणून नाव सांगत नाही. 1972 च्या दुष्काळात पोटासाठी मुकादमाबरोबर मुंबईकडे गेले. जमीन मागे भावाने कसली. तिकडे एका कारखान्यात पोती फोडायचं काम मिळालं. पोतं फाडायचं, आतला पांढरट भुसा हाताने मोकळा करायचा आणि सिमेंटच्या कुंडात टाकायचा. त्याचे पत्रे होत. नऊ वर्षं हेच काम. संध्याकाळी काका घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. काकी ते कपडे दाराशी झटकायची आणि मग धुवायची.

1981 ला काका परत आले, शेतीला लागले. दहा-बारा वर्षं काही झालं नाही. मग चढ चढताना दम लागू लागला. "माले दम लागस," एवढंच म्हणायचे. खोकला कोरडा. गावच्या डॉक्टरने टीबी म्हणून सुया दिल्या. दोनदा औषधाचा कोर्स पुरा केला. थुंकी तपासली, त्यात काही सापडलं नाही. शेवटी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, तुम्ही आधी काय काम करत होता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला.

फुप्फुसं आतून घट्ट होऊन गेली होती. रोगाचं नाव ॲस्बेस्टॉसिस. बाईंनी खरं ते सांगितलं, याला बरं करणारं औषध नाही.

आम्ही म्हटलं, भरपाई तरी मागू. कागद काय आहे? काकीने पत्र्याची पेटी उघडली. त्यात वनखात्याची 1971 ची दंडाची पावती होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, आजही अक्षर न् अक्षर वाचता येतं. कारखान्याचा मात्र एक चिठोरा नाही. गेटपास होता, तो परत येताना मुकादमाने काढून घेतला. काकांचं नाव होतं मुकादमाच्या वहीत आणि मुकादमाचं नाव कारखान्याच्या वहीत. कारखान्याच्या हिशेबाने काका तिथे कधी गेलेच नव्हते. मागच्या पावसाळ्यात ते वारले.

त्या पेटीवरून आजचं हे बोलणं सुचलं.

हा भुसा म्हणजे काय?

आपण खानदेशचे लोक, आपल्याला धागा कळतो. सरकी काढली की रुई उरते, रुईचा धागा होतो. ॲस्बेस्टॉस हा दगडातून निघणारा धागा आहे. दगड फोडला, कुटला, पिंजला की कापसासारखे तंतू सुटतात. कापूस जळतो, कुजतो. हा जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही. म्हणून कारखानदाराला तो फार आवडला. सिमेंटमध्ये मिसळून त्याचे छपराचे पत्रे केले, पाण्याचे पाईप केले. वाफेच्या नळ्यांना गुंडाळायची दोरी केली. मोटारीच्या ब्रेकचे पट्टे केले. आपण ज्याला नुसता सिमेंटचा पत्रा म्हणतो त्यात दहा भागांतला साधारण एक भाग हा दगडी धागा असतो.

राजस्थानात उदयपूरच्या बाजूला हा दगड निघायचा. तिथे तो फोडणारे हात आपल्याच भिल्ल भावांचे होते. तिकडे तेव्हाच्या बिहारमध्ये सिंहभूम जिल्ह्यात, चाईबासाजवळच्या रोरो डोंगरावर 1963 पासून 1983 पर्यंत खाण चालली. तिथे खपले ते हो आदिवासी. खाण बंद झाली, कंपनी गेली, भुकटीचे ढीग डोंगरावर तसेच राहिले. पाऊस आला की ते शेतात उतरतात. बाकीचा पुष्कळ माल कॅनडातून, रशियातून जहाजाने यायचा.

जो गुण कारखानदाराला आवडला, तोच आपल्या छातीत गेल्यावर दोष ठरतो. हा धागा मोडत जातो, तसतसा बारीक होतो. केसापेक्षा कितीतरी बारीक, डोळ्याला दिसत नाही. हवेत तासन् तास तरंगतो. श्वासाबरोबर आत गेला की फुप्फुसाच्या तळाशी रुततो. तिथेही तो कुजत नाही. शरीर त्याच्याभोवती वण धरत राहतं. वणावर वण चढतो आणि फुप्फुस भात्यासारखं फुगेनासं होतं. हा झाला ॲस्बेस्टॉसिस. दुसरा रोग फुप्फुसाचा कॅन्सर. तिसरा, फुप्फुसाच्या आणि पोटाच्या अस्तराचा कॅन्सर, त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. हा तिसरा धागा आत गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा निघतो. त्याला खूप धूळ लागते असंही नाही.

हे काही आज कळलेलं नाही

इंग्लंडच्या सरकारी डॉक्टरांनी या धंद्यातले 363 कामगार तपासले, त्याचा अहवाल 1930 साली आला. चौथ्या हिश्श्याहून जास्त कामगारांची फुप्फुसं खराब झालेली निघाली. ज्यांनी 20 वर्षांहून जास्त काम केलं होतं, त्यांच्यात पाचातले चार. लगेच 1931 साली तिथे धुळीवर कायदा झाला. आणि 1934 साली त्याच इंग्रज धंद्याने हिंदुस्थानात सिमेंट-ॲस्बेस्टॉसची कंपनी काढली. पुढे मुंबईत मुलुंडलाही तिचा कारखाना झाला. म्हणजे माल इकडे आला, मशीन इकडे आलं, पण धूळ वाईट असते हे आपल्या कामगाराला सांगायला कोणी आलं नाही.

1960 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी अस्तराच्या कॅन्सरचे 33 रोगी नोंदवले. जवळजवळ सगळे ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखातले होते. त्यातल्या काहींनी खाणीत कधी काम केलं नव्हतं, फक्त लहानपणी त्या भागात राहिले होते.

1965 साली लंडनमध्ये असे 76 रोगी पाहिले. त्यातल्या 9 जणांनी कारखान्यात पाऊलही ठेवलं नव्हतं, त्यांच्या घरातलं कोणीतरी तिथे कामाला होतं. बहुतेक बायका होत्या, नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या. आणखी 11 जण नुसते कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते. बहिणींनो, हे नीट ऐका. काकीने नऊ वर्षं दाराशी ते कपडे झटकले आहेत. काकी आज ठीक आहे. आम्ही दरवर्षी तिची छाती तपासून घेतो.

नॉर्वे, स्वीडन, इटली, जर्मनी यांनी हा माल बंद केला. आपल्याकडे सरकारने 1986 पासून नव्या खाणींना परवानगी देणं थांबवलं. पत्र्यांचे कारखाने मात्र चालूच आहेत.

घाबरून उद्याच पत्रे फोडू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं. छपरावर जो पत्रा शाबूत बसला आहे त्यातला धागा सिमेंटमध्ये अडकलेला आहे. त्याच्याखाली झोपल्याने उद्या कोणी मरत नाही. तो कापला, फोडला, घासला, भोकं पाडली, जळाला किंवा जुना होऊन भुसभुशीत झाला की धागा मोकळा होतो. म्हणून घरी हे पाळा:

1. पत्रा कापायची किंवा भोक पाडायची वेळ आली तर आधी पाणी मारा, काम होईपर्यंत ओला ठेवा. हाताची करवत, हाताचं गिरमिट वापरा. विजेचं चक्र लावू नका, त्याने धुळीचा ढग उठतो. काम घराबाहेर करा, पोरं दूर ठेवा.

2. पावसाळ्याआधी शेवाळ काढायला पत्रा तारेच्या ब्रशने कोरडा घासतात. ते बंद करा.

3. चुरा झाडूने झाडू नका. ओल्या फडक्याने गोळा करा आणि फडकंही चुऱ्याबरोबर पुरा.

4. फुटलेल्या तुकड्यांनी पोरं जमिनीवर रेघा मारतात, घासून पीठ करतात. कोणी चुलीला आडोसा करतं, कोणी शेळ्यांच्या गोठ्यात अंथरतं. हे करू नका. चुलीजवळ तर मुळीच नको, तापला की पत्रा तडकून उडतो. तुकडे ओले करून, विहीर आणि नाल्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरा.

5. शाळेच्या प्रयोगाच्या खोलीत दिव्यावर ठेवायची पांढऱ्या गोलाची जाळी असते. जुन्या जाळ्यांच्या त्या गोलातही हाच धागा असतो. गोल उकललेला असेल तर मास्तरांना सांगून जाळी बदलून घ्या.

कामावर धोका जास्त

घरापेक्षा कामावर धूळ कितीतरी जास्त. आपले लोक कुठे कुठे सापडतात ते पाहा. शेड बांधणारा किंवा पाडणारा ठेकेदार आपल्याच पोरांना छपरावर चढवतो. जिनिंगच्या जुन्या शेडी, गोदामं, आश्रमशाळा यांचे पत्रे उतरवताना वरून खाली फेकतात. फेकू नका, ओले करून एकेक उतरवा. जुन्या सिमेंट पत्र्यावर पाय देऊ नका, तो पायाखाली तुटतो. त्यात रोग नंतर, आधी माणूस जातो.

नळपाणी योजनेचे सिमेंटचे पाईप चरात कापतात. चरात वारा नसतो, सगळी धूळ कापणाऱ्याच्या तोंडावर. आग्रा रोडवर गॅरेजात आपली पोरं मदतनीस आहेत. ट्रकचं चाक उघडलं की ब्रेकच्या ड्रममधली काळी धूळ हवा मारून उडवतात. हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. साखर कारखान्यात हंगाम संपला की बॉयलरचं आणि वाफेच्या नळ्यांचं जुनं लॅगिंग सोलून काढायचं काम रोजंदारीवर देतात. ते लॅगिंग पांढरं, दोरीसारखं किंवा पिठासारखं असेल तर विचारा, हे काय आहे? उत्तर मिळेपर्यंत हात लावू नका.

तोंडाला बांधलेला रुमाल हा धागा अडवत नाही. नसल्यापेक्षा बरा, एवढंच. कामाचे कपडे घरी आणू नका. आणावेच लागले तर झटकू नका, बाहेरच पाण्यात भिजवा आणि वेगळे धुवा.

आणि बिडी. तेंदूची पानं आपणच तोडतो, म्हणून हे बोलायला जड जातं. पण ज्याच्या छातीत हा धागा गेला आहे आणि जो बिडीही ओढतो, त्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका दोन्हींची बेरीज होण्याइतकाच राहत नाही, कितीतरी पटीने वाढतो. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी बिडी आजच टाकावी.

दम लागला म्हणजे हाच रोग असं नाही

आपल्याकडे खोकल्याचं मोठं कारण टीबीच आहे. तेव्हा आधी थुंकी तपासून घ्या आणि टीबीचं औषध चालू असेल तर आमचं भाषण ऐकून ते मध्येच सोडू नका. पण थुंकीत जंतू नाहीत, ताप नाही, खोकला कोरडा, दम दर वर्षी वाढतोय, बोटांची टोकं ढोलकीच्या काडीसारखी फुगली आहेत, औषधाचा गुण नाही, असं असेल तर डॉक्टरने विचारायची वाट पाहू नका. स्वतः सांगा, "साहेब, मी अमुक साली अमुक ठिकाणी पत्र्याच्या, लॅगिंगच्या, ब्रेकच्या धुळीत इतकी वर्षं काम केलं आहे." आणि केसपेपरवर ते लिहायला लावा.

कायदा काय म्हणतो?

ॲस्बेस्टॉसिस हा 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात धंद्याचा रोग म्हणून लिहिलेला होता. फॅक्टरी कायद्याखाली डॉक्टरला असा रोगी सापडला तर त्याने सरकारला कळवायचं असे.

अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेने 1986 साली सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता. त्याचा निकाल 27 जानेवारी 1995 रोजी लागला. कोर्ट म्हणालं, कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या खटल्यातल्या कारखान्यांमध्ये ज्या कामगाराला हा रोग झाल्याचं ठरेल त्याला 1 लाख रुपये द्यायचे. आणि या धंद्यातल्या प्रत्येक कारखान्याने प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद ठेवायची. किती वर्षं? कामाला लागल्यापासून 40 वर्षं, किंवा काम सुटल्यापासून 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत.

40 वर्षं का, हे आता तुम्हाला कळलं असेल. रोगच इतका उशिरा येतो. पण ज्याचं नाव वहीतच नाही, त्याची नोंद 40 वर्षं तरी कशी राहणार?

याच धरणगावात 1825 साली औट्रॅम साहेबाने भिल्लांची पलटण उभी केली. इंग्रजाला भिल्लाची गरज होती, तेव्हा भिल्लाचं नाव हजेरीपटावर चढलं. आज ठेकेदारालाही आपली गरज आहे. पण तो काम घेतो आणि नाव घेत नाही. हे चुकून होत नाही. नाव लिहिलं की जबाबदारी येते.

जमिनीच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. 31 मार्च 1978 च्या आधीपासून कसतो हे सिद्ध करा, असं सरकार म्हणालं. आपण काय दाखवलं? गार्डाने आपल्याला चोर ठरवून फाडलेली दंडाची पावती! ज्या कागदाने आपल्याला गुन्हेगार केलं, तोच कागद आपला पुरावा झाला. आपल्या आयांनी तो गवतात, गाडग्यात, पेटीत जपला म्हणून. तीच अक्कल आता कामाच्या बाबतीत वापरायची आहे.

पेटीत काय ठेवायचं?

गेटपास, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, उचलीची चिठ्ठी. काही नसेल तर शाळेच्या पोराकडून एका वहीत लिहून घ्या: कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणत्या कारखान्यात किंवा साइटवर, मुकादम कोण, काम काय, धूळ कसली, बरोबर कोण कोण होतं. बरोबरच्या दोघांचे अंगठे घ्या. आज त्या कागदाला किंमत वाटणार नाही. 1971 ला दंडाच्या पावतीला तरी कुठे होती?

हे मागायचा हक्क आहे. ठेकेदारी कामगारांचा 1970 चा कायदा होता. त्यात वीस किंवा जास्त माणसं लावणाऱ्या ठेकेदाराने रोजगार कार्ड द्यायचं होतं, काम सुटल्यावर दाखला द्यायचा होता. गुजरातला जाणाऱ्यांसाठी 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा होता. त्यात ठेकेदाराने पाच किंवा जास्त माणसं दुसऱ्या राज्यातून नेली असतील तर प्रत्येकाला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं होतं. शहादा, तळोदा, अक्कलकुव्यापासून चोपडा, यावलपर्यंत किती जणांकडे असं पासबुक आहे? हात वर करा. (सभेत एकही हात वर झाला नाही.)

छपराचा प्रश्न हा जंगलाचाच प्रश्न

शेवटचं. आपल्या घरावर सिमेंटचा पत्रा आला कुठून? आपल्या बापजाद्यांचं घर सागाच्या खांबाचं, बांबूच्या कुडाचं, वर गवत नाहीतर हाताने थापलेली कौलं. कौलं भाजायला लाकूड लागतं, खांबाला साग लागतो. ते आणायला गेलं की गुन्हा. पत्रा विकत आणला की गुन्हा नाही. जंगल आपल्या हातून गेलं आणि त्याच्या जागी दुकानातलं छप्पर आलं. म्हणून घरासाठी लाकूड, बांबू, गवत नेण्याचा हक्क मागणं हे आपल्या छातीसाठीही आहे.

आरोग्य गटाच्या वतीने आम्ही तीन गोष्टी सभेपुढे ठेवतो. एक, सरकारी घरकुलं, आश्रमशाळा, दवाखाने यांवर यापुढे सिमेंटचा पत्रा नको, कौलं द्या, हे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं. दोन, घराच्या लाकडाचा हक्क जमिनीच्या मागणीपत्रात वेगळं कलम म्हणून घालायचा. तीन, प्रत्येक पाड्यावर होळीच्या आत कामाची वही करायची. पहिली नावं म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची लिहायची, कारण त्यांच्याकडे वेळ कमी आहे. तरणे नंतर.

आमच्या वहीत पहिलं नाव काकांचं आहे. काकीने सांगितलं, आम्ही लिहिलं, तिच्या दिराने आणि काकांबरोबर कामाला गेलेल्या एका शेजाऱ्याने अंगठा दिला. तो शेजारी आज इथे पुढेच बसला आहे. त्यालाही दम लागतो. त्याचा छातीचा फोटो पुढच्या आठवड्यात काढायचा आहे.

आता जेवायला चला. जेवून झालं की वही घेऊन आम्ही त्या निंबाखाली बसणार आहोत. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी यावं आणि नाव लिहून जावं.

जिंदाबाद!